इंग्लंडचा बँड

माझं लग्न एका बँडपायी मोडत होतं, हे तुम्हाला सांगितलंय का? धुळ्याला मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आवड विचारली.

"इंग्लंडचा एक रॉक बँड. पहिलाच अल्बम जगभर गाजला त्यांचा."

"अल्बमही तेच करतात?"

"हो, तेच."

आम्ही चहा पिऊन जळगावला परतलो.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थांचा फोन आला. "इंग्लंडचं काही आबांना झेपणार नाही. वरातीला बँड पिंपळनेरचा आणि फोटोंचा अल्बम शिंदखेड्याचा चालेल का?"

मी हो म्हणालो.

आबा अजून पाहुण्यांना सांगतात, "जावाई भला माणूस शे. एकच मागणी व्हती, ती बी सोडी दिनी."