संमती प्रलंबित

सारजाबाई : सकाळी साडेसाताला जीप आली. चाळीतली तिघं नेली.

शांतम्मा : कोण कोण?

सारजाबाई : कुंडलिक, रावजी आन् धोंडीराम. धोंडीराम तंबाखू मळीत हुता, तसाच बसवला.

शांतम्मा : नसबंदी केली की तुपाचा डबा देत्यात म्हणं.

सारजाबाई : हसू नगंस. त्यांच्या यादीत चौथं नाव तुजं हाय.

शांतम्मा : माजं?

सारजाबाई : 'शांताप्पा बसलिंगप्पा. पुरुष. मुले तीन.' ह्यो बघ आलाच कचेरीतला कारकून. इचार त्याला.

श्रीमंत : मावशी, रेशनकार्डावर आहे तेच उतरवलंय मी. आणीबाणी आहे. साहेबांनी प्रत्येकाकडून बारा नावं मागितलीत, नाहीतर सांगोल्याला बदली.

शांतम्मा : अरं, तिन्ही पोरं माज्या भैणीची! ती गेली, मी वाडवली. व्याली कोण, ते कार्डात न्हाय?

श्रीमंत : तसा रकाना नसतो.

शांतम्मा : आन् हे लुगडं? ह्यो चुडा? सोळाव्या वर्सी देवीनं धोतर सोडाय लावलं, तवापास्नं यल्लम्माची जोगतीण हाय मी. ते दिसत न्हाय?

श्रीमंत : त्यालाही रकाना नाही.

सारजाबाई : तुज्या लग्नात पयली हळद कुणी लावली रं, शिरमंत्या? तवा रकाना बघितलास?

श्रीमंत : म्हणून तर जीप परत यायच्या आधी आलोय, काकू.

शांतम्मा : श्रीमंत, मला कातरीचं भ्या न्हाय. तितं मला पुरुषांच्या रांगेत हुबं करतील. लुगडं सोड म्हणतील. तीस वर्सांत मला असं कुणी म्हटलं न्हाय.

श्रीमंत : (पिशवीतून फॉर्म काढतो.)

सारजाबाई : बोल की आता.

श्रीमंत : फॉर्म तर भरावाच लागेल. पत्नीचं नाव?

सारजाबाई : अगं बया! हिला बायकू!

शांतम्मा : दात काडू नगंस. लगीन झालंय माजं. लिव, यल्लम्मा.

श्रीमंत : देवी?

शांतम्मा : देवीसंगंच लागलंय. साक्षीला आक्की जत्रा हुती. पत्ता लिव, सौंदत्तीचा डोंगर.

श्रीमंत : वय?

शांतम्मा : तूच जाऊन इचार तिला.

श्रीमंत : वय माहीत नाही... शेवटचा रकाना. 'पत्नीची संमती. सही किंवा अंगठा.' मावशी!

शांतम्मा : काय झालं?

श्रीमंत : हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. नियमच आहे.

सारजाबाई : म्हंजी देवीचा अंगठा पडंस्तवर...

श्रीमंत : मी लिहितो, 'संमती प्रलंबित.'

शांतम्मा : ते काय असतं?

श्रीमंत : लटकून राहिलेलं.

शांतम्मा : लई ग्वाड सबूद हाय. परत म्हण.

श्रीमंत : प्रलंबित.

(आठ दिवसांनी. चाळीचा ओटा.)

सारजाबाई : शेळीचं नाव बदाललंस म्हणं?

शांतम्मा : व्हय. प्रलंबित. हाक मारली की जागची हालत न्हाय.

सारजाबाई : धोंडीराम इचारत हुता, मला का न्हाय सुचलं म्हणून. म्या म्हटलं, तुजी बायकू घरातच बसलीया, अंगठा घिऊन!

शांतम्मा : तूप तरी दिलं का त्यानं चमचाभर? ...ये रं श्रीमंत, तोंड असं का उतारलंय?

श्रीमंत : कागद परत आला. साहेबांनी लाल शाईत शेरा मारलाय. 'पत्नीस मंगळवारी अकरा वाजता समक्ष हजर करावे.'

सारजाबाई : त्यास्नी ठाव न्हाय व्हय, ती कोण हाय?

श्रीमंत : नाव न वाचता लिहिलं, का वाचून लिहिलं, काही कळत नाही.

शांतम्मा : मंगळवार तर तिचाच वार. आणती की! डोक्यावर देवीचा जग, मुखवट्याच्या पाटीसकट, हातात वाजवाय चौंडकं. कचेरीच्या दारातच सूर धरती.

सारजाबाई : मी आक्की चाळ आणती. इड्या वळायच्या ऱ्हाऊ देत एक दिवस.

श्रीमंत : मावशी, जीप पण मंगळवारीच आहे.

शांतम्मा : किती वाजता?

श्रीमंत : साडेदहाला. इथंच.

शांतम्मा : मग आपण धा वाजताच निगू. सारजे, लुगडं हिरवं नेसू का पिवळं?