डावीकडचा हब

सगळ्यांना जयभीम. नमस्कार.

एवढ्या धुक्यात तुम्ही आलात. कुणी गुडगावहून, कुणी रोहिणीहून. सुनंदावहिनींच्या वतीने आणि लेकीच्या, तेजूच्या वतीने आभार मानायला मला उभं केलंय. रमेश ढोकेचा मित्र म्हणून चार शब्द बोला, असंही म्हणालेत. बोलतो. पण खरं सांगू? मला काही वाटतच नाहीये. गेल्या रविवारपासून रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो, ऑफिसला जाऊन आलो. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तसा आहे मी सध्या. तेव्हा बोलणं तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

रमेशची न् माझी ओळख इथल्या, दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमधली. दोघंही केंद्राच्या मंत्रालयात नवे. तो हिंगणघाटकडचा, मी पुण्याचा. मी पिठल्याला नावं ठेवली आणि तो म्हणाला, "तुमच्या पुण्यात तरी कोणतं मोठं मिळतं?" तिथून सुरू झालं. पुढे दोघांनी सारख्याच जुन्या फोर बाय फोर जीप घेतल्या. डिझेलच्या. वहिनी म्हणायच्या, "एकाला वेड लागलं तर समजू शकते, तुम्हाला जोडीनं कसं लागलं?"

ज्यांनी अशी गाडी चालवली नाही त्यांना एक गोष्ट सांगावी लागेल. या जीपची पुढची चाकं एरवी नुसती फिरतात, ओढत नाहीत. चिखल आला की खाली उतरायचं आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते, ती हाताने फिरवायची. तिला हब म्हणतात. दोन्ही हब लागले, तरच पुढची चाकं ओढतात. एकच लावला तर उपयोग शून्य.

उजवा माझा, डावा रमेशचा. गाडी कुणाचीही असो. फिरवला की बॉनेटवरून ओरडायचं, "लागला!" पलीकडून उत्तर यायचं, "लागला!" उत्तर आल्याशिवाय गाडीत चढायचं नाही.

हा नियम कुठून आला? एका संक्रांतीला पानिपतच्या काला अंबहून परत येताना रमेशसाहेबांना शॉर्टकट सुचला. कालव्याच्या कडेने. गाडी गेली की रुतून! उतरलो. मी म्हटलं, लागला. तो म्हणाला, लागला. गाडी हलेना. मी म्हणे, तुझा नाही लागला. तो म्हणे, तुझा नाही लागला. गुडघाभर चिखलात दोन सरकारी अधिकारी भांडतायत! शेवटी एक ताऊ, तिकडचे म्हातारबाबा, ट्रॅक्टर घेऊन आले. म्हणाले, "लड़ लो पहले, फिर खींच दूँगा." घरी येऊन धुतल्यावर कळलं. आधीच्या खेपेला रमेश डावा हब सोडायला विसरला होता. तो लागलेलाच होता. त्या दिवशी पठ्ठ्याने लागलेला हब सोडला आणि जोरात ओरडला, "लागला!"

हसा. हसा ना. तो स्वतः ही गोष्ट सांगताना ठसका लागेपर्यंत हसायचा.

त्यानंतर चिखल पुसायचा, खुणेवर बोट फिरवून बघायचं, मगच ओरडायचं.

पुढे दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. दोन्ही जीप आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये उभ्या. माझ्या गाडीची चेसिस गंजलेली, त्याच्या गाडीचे गिअर गेलेले. तेव्हा रमेश म्हणाला, "दोन मरण्यापेक्षा एक जगवू यार." ती एक गावी न्यायची. कारण गावी आई आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा तो रस्ता बंद होतो. मागच्या पावसात आईंना ताप चढला, तेव्हा लोकांनी खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. मी म्हटलं, अरे, नवी घेऊन दे. म्हणाला, "नवी बंद पडली तर गावात उघडणार कोण? ही माझा भाऊ पान्याने उघडतो."

मग आमचे सगळे रविवार त्यातच. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स त्याच्या गाडीत गेला. पुढचा अ‍ॅक्सल गेला. दोन्ही हबही काढून ठेवले. मिळेना ते करोल बागेत शोधायचं. दुकानदार आम्हाला बघितलं की म्हणायचा, "आ गए? अब क्या तोड़ा?" गाडी बाहेर न्यायची परवानगीही मिळाली. एनसीआर, म्हणजे दिल्लीभोवतीचा बंदीचा पट्टा, संपेपर्यंत ट्रकवर न्यायची, तिथून पुढे चालवत. दोघांनी.

गेल्या रविवारी फक्त हब बसवायचे राहिले होते. मी उजवा बसवला. रमेशने डाव्याचं झाकण डिझेलच्या वाटीत टाकलं आणि म्हणाला, "चहा पिऊन येतो." वर गेला, तो परत खाली आलाच नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

झाकण त्या वाटीतच राहिलं. मी रोज खाली जायचो, बघायचो, वर यायचो. नातेवाईक म्हणाले, आता ही गाडी भंगारात द्या, कोण नेणार? वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगाल ते." मी काय सांगणार? डावा हब मी कधी लावलाच नाही.

आज सकाळी तेजू आली. म्हणाली, "काका, चलो, बंद करू या ना ते झाकण. आजी वाट बघतेय." तिने झाकण पुसलं, ग्रीस भरलं, स्वतः आवळलं. बापासारखीच, जीभ दातात धरून. मी उजवीकडे बसलो होतो. हब फिरवला आणि सवयीने ओरडलो, "लागला!"

पलीकडे कुणी बोललं नाही. तिला माहीतच नव्हतं बोलायचं असतं. त्या बेसमेंटमध्ये मला पहिल्यांदा कळलं, रमेश गेला.

वहिनी, गाडी भंगारात जाणार नाही. पावसाच्या आधी आईंच्या दारात उभी राहील. मी नेतो. तेजू येते आहे.

आणि तेजू, बेटा, पलीकडून उत्तर द्यायचं असतं. गावच्या चिखलात तू देशील. आज मात्र देऊ नकोस. आज ती जागा बाबाची.

आपण सगळे उभे राहू या. मी एकदाच म्हणेन. मग कुणी काही बोलू नका.

रमेश, लागला.