ताई आहेत का?

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन म्हातारे नंबरची वाट बघत बसले होते.

"मुलगी डॉक्टर म्हणालात ना तुमची?"

"डॉक्टर, पण सुई टोचणारी नव्हे. समाजशास्त्राची प्राध्यापक. तीस वर्षं तुरुंगातल्या माणसांचा अभ्यास करतेय. गुन्हा का घडला, देव मानता का, तब्येत कशी आहे, सगळं विचारते."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"कुठलं! मी तिथलाच पहारेकरी. वर्षभर अबोला धरला तिच्याशी."

"मग?"

"मग एक सुटलेला कैदी दारात उभा राहिला. अकरा वर्षं माझ्याच पहाऱ्यात होता. मला वाटलं, जुना राग काढायला आलाय."

"बाप रे."

"मला बघून तोच दचकला. म्हणाला, ताई आहेत का? झोप लागते का, असं मला आत फक्त त्यांनी विचारलं. त्यांच्यामुळे औषध सुरू झालं. मी प्रार्थना का करतो तेही विचारलं, पण हसल्या नाहीत. साहेब, तुम्ही त्यांचे कोण?"

"काय सांगितलंत?"

"अकरा वर्षं ज्याला अरे-तुरे केलं, त्याला म्हटलं, मी बाप तिचा. आत या, बसा."