मुद्दाम की चुकून?

...नाही, पण मला एक सांगा, शस्त्र? वस्तऱ्याला शस्त्र म्हणतात हो! कागदावर चक्क लिहिलंय, 'धारदार शस्त्रानं दुखापत'. अहो, जन्म गेला माझा न्हावीकामात, ह्या शस्त्रानं अर्ध्या गावाची दाढी केली मी, ते सगळे काय जखमी फिरतायत? ज्या पोलिसानं मला ठाण्यात बसवलं ना, त्याची मिशी दर आठवड्याला मीच कोरतो. आणि तोच माझा वस्तरा पिशवीत घालून, पिशवीला सील लावून, मिशीवरून बोट फिरवत मला विचारतो, "हं, बोला. मुद्दाम की चुकून?"

आता काय बोलायचं माणसानं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तेच विचाराल. दुकान आम्हा दोघा भावांचं. पहिली खुर्ची दादाची, दुसरी माझी, मधे भिंतीवर पंखा. वडिलांनी लावलेली एक सवय होती. दुकान उघडायच्या आधी दादानं माझी दाढी करायची आणि मी दादाची. वडील म्हणायचे, "आधी एकमेकांच्या हाती गळा द्या, मग लोकांचा मागा." आम्ही दिला. मिसरूड फुटलं तेव्हापासून दिला. तापात फणफणलेला असलो तरी दादा घरी यायचा आणि अंथरुणात माझी दाढी करून जायचा. बायको म्हणायची, आजारी माणसाला कुणी बघायला येणारेय का? मी म्हणायचो, दादा आलाय ना बघायला, मग दाढी नको?

तर असे आम्ही. आणि गेले कितीतरी महिने आमचं बोलणं बंद. कशावरून? हसू नका... पंख्यावरून! त्याचं तोंड कुठल्या खुर्चीकडे असावं, ह्यावरून. मी म्हटलं, माझ्याकडे गिऱ्हाईक जास्त. तो म्हणाला, माझ्याकडे केस जास्त, उडाले पाहिजेत. मी म्हटलं, उडून माझ्या गिऱ्हाइकाच्या तोंडात जातात. झालं! घोड्याएवढी झालेली माणसं आम्ही, नातवंडं खेळवायची वयं झाली, आणि पंख्यावरून अबोला.

पण बोलणं बंद, दाढी चालू बरं का. त्यात खंड नाही. खांद्यावर टिचकी मारली की तो मान वळवणार, हनुवटीला बोट लावलं की वर करणार. त्याची झाली की मी बसणार. आमचा एक टकलू आहे, डोक्यावर औषधाला केस नाही, पण पेपर वाचायला सगळ्यांच्या आधी हजर. तो म्हणायचा, तुमच्या भांडणात जेवढा विश्वास आहे तेवढा आमच्या घरी सलोख्यातही नसतो.

आणि त्या दिवशी... दादाचा अर्धा गाल झालेला, अर्ध्यावर फेस, डोळे मिटलेले. वस्तरा कानाखाली टेकवलेला. आणि हा माणूस, इतक्या महिन्यांनी, पहिल्यांदा तोंड उघडतो. म्हणतो, "पुढच्या महिन्यात मी मुलीकडे चाललो. कायमचा."

बस्स. एवढंच.

हात हलला. तुम्हाला सांगतो, मला आधी कळलंच नाही. फेस लाल दिसला तेव्हा कळलं. कानापासून थेट हनुवटीपर्यंत. दादानं डोळे उघडले आणि आरशात... जखमेकडे नाही हो, माझ्याकडे बघितलं. मी टॉवेल दाबला, तर त्यानं माझा हात झटकला. तो उठला आणि तसाच चालत दवाखान्यात गेला, गळ्यातलं माझं कापड तसंच. डॉक्टरनं टाके घातले आणि नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं. पोलीस म्हणाला, कुणी केलं? भावानं. भांडण आहे का? आहे. मुद्दाम की चुकून? आणि दादा म्हणाला, मुद्दाम. खाली सही केली.

माझ्या दादानं हो! ज्यानं मला वस्तरा धरायला शिकवलं त्यानं.

मग वकील केली. चांगली पोरगी होती, चुणचुणीत, पण तिला सगळंच विचारायचं असायचं. म्हणाली, "काका, त्यांनी आधी तुमच्यावर हल्ला केला होता का? तसं असेल तर स्वसंरक्षण म्हणता येईल." मी म्हटलं, बाई, त्याच्या तोंडाला फेस होता, गळ्याला कापड होतं, हल्ला कशानं करणार, फेसानं? बरं, म्हणाली, मग त्यांनी तुम्हाला डिवचलं का? मी म्हटलं, माणूस मुलीकडे राहायला जातो म्हणाला, ह्याला डिवचणं म्हणतात का? बरं, त्या वेळी तुम्ही तिथं नव्हतातच, असं? मग दाढी काय टकलूनं केली? शेवटी पेन खाली ठेवलं तिनं आणि समजावून सांगितलं. म्हणाली, नुसतं लागलं म्हणून गुन्हा होत नाही. लागावं असं मनात असावं लागतं, आणि ते त्यांनी सिद्ध करायचंय, तुम्ही नाही. आपण फक्त म्हणायचं, वयामुळे तुमचा हात हलतो. डॉक्टरचा दाखला आणू. सुटलात!

मी म्हटलं, सुटलो खरा, पण कुठून? हात हलतो असं न्हाव्यानं भर कोर्टात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी मान कोण देणार माझ्याकडे? ती म्हणाली, काका, तुरुंगात कुणाच्या दाढ्या करणार मग? तेही खरंच होतं म्हणा.

बरं, दादाला जाऊन भेटावं, पाय धरावेत, तर तेही नाही. जामिनाची अटच तशी, फिर्यादीच्या जवळ फिरकायचं नाही. आमच्या दोन खुर्च्यांत हातभर अंतर हो! कुलूपच लावलं दुकानाला. मग एकदा वहिनी आल्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "भाऊजी, ते म्हणतायत, मुद्दाम केलं असं एकदा कबूल कर, मी तक्रार मागे घेतो. माफ करतो." काय करावं सांगा! खोटं बोललो तर भाऊ मिळतो. बायको म्हणाली, अहो म्हणून टाका, एका शब्दानं काय होतंय? पण जीभ रेटेना. दादाच्या गालावर मी जाणूनबुजून वस्तरा ओढला, हे ह्या तोंडानं म्हणायचं आणि मग त्याच तोंडानं त्याला दादा म्हणायचं? नाही जमलं.

उभा राहिला खटला. टकलूची साक्ष झाली. सगळ्यांदेखत शपथ घेऊन सांगितलं त्यानं, मी पेपर वाचत होतो. तेवढंच. एवढी वर्षं फुकट पेपर वाचला, आणि उपयोग हा! मग दादा पिंजऱ्यात आला. गालावर ती लांब रेघ. आणि त्या रेघेच्या आजूबाजूला पांढरे खुंट, कसेतरी वाढलेले. कुणी दाढीच केली नव्हती त्याची. मला बघवेना. माझा हात आपोआप खिशातल्या फणीकडे गेला, तर मागून पोलीस खाकरला.

वकीलबाईंनी गोडीत विचारलं, "वय झालं की हात थरथरतो, हो ना? चुकून झालं असेल की नाही?"

आणि दादा जो पेटला! "कुणाचा हात? ह्याचा? बाई, झोपलेल्या तान्ह्या पोराचे केस कापतो हा, पोर कूस बदलत नाही. शेवटच्या दुखण्यात आमच्या वडिलांची दाढी ह्यानं केली, गालाला हाडच उरलं होतं, एक ओरखडा नाही. असा हात ह्या गावात झाला नाही. मी शिकवला, पण माझ्यापेक्षा सरस झाला. ह्याच्या हातून चुकून? शक्यच नाही." मग हळूच म्हणाला, "चुकून झालं असतं तर मी तक्रार कशाला केली असती? टाक्यांचं काय हो, ते बरे होतात."

तुम्हाला सांगतो, आयुष्यभर वाट बघितली मी, दादानं एकदा म्हणावं, बरा आहे हात तुझा. कधी म्हणाला नाही. आणि म्हणाला तो असा, माझ्याविरुद्ध साक्ष म्हणून! मला रडू फुटलं. वकीलबाई कपाळाला हात लावून बसल्या.

न्यायाधीशांनी मलाच विचारलं. मुद्दाम की चुकून? दाखल्याचा कागद बाजूला होता. मी म्हटलं, साहेब, वयानं नाही. हा म्हणाला कायमचा जातो, आणि माझा हात हलला. दादाकडे बघून म्हटलं, "दादा, तू जातो म्हणालास म्हणून हलला रे."

तर दादा जागेवरून म्हणाला, "खोटं. त्याचा हात हलत नाही."

निकाल लागला. सुटलो. संशयाचा फायदा म्हणतात त्याला. म्हणजे मी केलं नाही असं नाही, केलंच असं कोर्टाला खात्रीनं म्हणवेना. वकीलबाई म्हणाल्या, अभिनंदन काका. बाहेर आलो तर दादा रस्त्याच्या पलीकडे पोचला होता. मी हाक मारली. त्याला ऐकू गेली असणार, पाठ ताठ झाली त्याची. पण वळला नाही, आणि पुढच्या महिन्यात मुलीकडे गेला.

आता दुकान उघडून बसतो मी. हात हलला असं मीच सांगितलंय ना, मग येतंय कोण? लांबून नमस्कार करतात. त्या पोलिसाची मिशीसुद्धा पलीकडच्या दुकानात गेली. टकलू येतो, पण त्याला काय भीती? वहिनींचा फोन येतो अधूनमधून. म्हणतात, तिकडे न्हाव्याचं नाव काढलं की ते अजून ऐकवतात, आमच्या धाकट्याच्या हाताची सर कुणाला यायची नाही, त्याचा हात कधी हलत नाही.

बघा, म्हणजे माझ्या हातावर विश्वास असलेला माणूस सगळ्या दुनियेत एकच उरला... आणि नेमका तोच माझा फिर्यादी!