केसभर बाहेर

अहो, पण माणूसच नसेल तर त्याचा डाव खेळायचा कोणी? साधा प्रश्न आहे की नाही? मी दारावरच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला आत विचारा. आत विचारलं, ते म्हणाले टेबलावर विचारा. टेबलावरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "आधी रांगेत उभे राहा." रांगेत पुढे देशोदेशीचे म्हातारे आणि त्यांची नातवंडं, सगळे जोडीजोडीने, आणि मी एकटा! गळ्यात दोन बिल्ले. एक माझा, एक दादाचा, त्यावर दादाचा फोटो. त्यात तो असा हसतोय की फोटो काढणाऱ्याचा फ्रीज फुकट दुरुस्त करून देणार आहे.

तुम्हाला सांगतो, ती स्पर्धाच जोड्यांची होती. आंतरराष्ट्रीय डार्ट्स, प्रौढ आणि तरुण. पंचेचाळिशीच्या वरचा एक आणि एकविशीच्या आतला एक. आता असे भाऊ कोणत्या घरात सापडतात? आमच्या! मी आईबाबांचं शेंडेफळ, तेही झाड वठायला आल्यावर लागलेलं. दादा माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा. आईबाबा लवकर गेले, मग दादा-वहिनींनीच मला वाढवलं. शाळेतून पालकांना बोलावणं आलं की दादा जायचा. मास्तर म्हणायचे, "तुमच्या मुलाचं गणितात लक्ष नाही." दादा म्हणायचा, "मुलगा नाही, भाऊ आहे." मास्तर म्हणायचे, "बरं, मग भावाचं लक्ष नाही!" शेवटी सातवीत मीच शाळेला नापास केलं आणि दादाच्या फ्रीजदुरुस्तीच्या दुकानात येऊन बसलो.

दुकानात मागच्या भिंतीला एक मेलेला फ्रीज होता. गिऱ्हाईक परत न्यायला आलंच नाही. त्याच्या दारावर दादाने डार्ट्सचा बोर्ड टांगला. आम्ही त्या डार्टला बाणच म्हणायचो. खेळ सोपा आहे हो. पाचशे एक हा आकडा पाळीपाळीने तीन-तीन बाण मारून दोघांनी मिळून उतरवत आणायचा, बरोबर शून्यावर, आणि शेवटचा बाण बोर्डाच्या कडेच्या त्या बारीक पट्टीतच बसला पाहिजे. तिला डबल म्हणतात, तिथे आकडा दुप्पट धरतात. वजाबाकी दादा करायचा, बाण मारताना मी कशाला डोकं शिणवू? आणि दादाचा लाडका सोळाचा डबल. बत्तीस बाकी राहिले की हा खूश! "सोळा फार दयाळू आकडा आहे रे," म्हणायचा. "आत चुकलास तरी आठाचा डबल देतो, तिथे चुकलास तर चाराचा. दर वेळी अर्धं तरी पदरात घालतो."

पण दादा आत चुकेल तर ना! दादा चुकायचा बाहेर. कायम बाहेर. ठण्ण! बाण पत्र्यावर. सोळाच्या शेजारी त्या फ्रीजच्या दाराला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. घर दुकानाच्या मागेच, त्यामुळे ठण्ण ऐकू आलं की आतून वहिनी ओरडायची, "वाटलंच मला!" आणि दादा इकडून, "केसभर गं, केसभर!" आणि तेवढ्यात मी उडी मारून पुढे, खटाक्, डबल! जिंकलो! दर वेळी हेच. रस्ता दादाने करायचा आणि झेंडा मी लावायचा. दादाच्या हातून शेवटचा बाण बसलेला मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

पंचेचाळीस पूर्ण झाली त्या दिवशी दादा दुकानात नाचला. "म्हातारा झालो! म्हातारा झालो रे!" कॉम्प्रेसर घेऊन आलेलं गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच परत. म्हातारपणाची अशी वाट बघणारा माणूस मला दुसरा दाखवा! कारण काय, तर मी एकविशी ओलांडायच्या आत त्याने पंचेचाळिशी गाठायला हवी होती. मध्ये एका वर्षाची फट. त्या फटीतून आम्ही दोघं आत शिरणार होतो. चाचणीत निवड झाली, तिकिटं आली, वहिनीने दोघांच्या शर्टांवर एकसारखे खिसे शिवले... आणि मग एका दुपारी दादा एका फ्रीजच्या मागे डोकं घालून पडलेला स्क्रू शोधत होता. मी आपला इकडे बाण मारतोय. "दादा, सापडला का?" विचारलं. गप्प. "अरे दादा, सापडला का?"

...

जाऊ दे. तर सांगत काय होतो, डाव! माणूसच नसेल तर त्याचा डाव खेळायचा कोणी?

मी जाणारच नव्हतो. वहिनीने बॅग समोर आणून आदळली. म्हणाली, "जा." मी म्हणालो, "एकटा?" म्हणाली, "इथे तोंड पाडून बसून हरतोच आहेस, तिकडे जाऊन हर." बॅग उघडतो तर माझ्या बाणांशेजारी दादाचे बाण. मी वर पाहिलं, तर ती भांडी घासायला निघून गेली होती. भांडी घासलेलीच होती हो.

तर टेबलावरच्या बाई. "तुमचे जोडीदार?"

मी म्हणालो, "वारले."

त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "वारले असं काही नाही यात. गैरहजर आहे. गैरहजर लिहू?" आणि मग अगदी मायेने विचारतात कशा, "उशिरा येणार आहेत का?"

आता याला काय म्हणायचं? वर पुन्हा म्हणाल्या, "तुम्हाला बदली जोडीदार देता येईल. आमच्याकडे एक मोकळे आजोबा आहेत." आणि खरंच, खांबाजवळ एक आजोबा मोकळे बसले होते! निवृत्त दातांचे डॉक्टर. त्यांच्या नातवाला कांजिण्या आल्या होत्या. माणूस सज्जन, त्याने मला खोकल्याची गोळी दिली, आणि हात काय स्थिर! सरावाला मारले ते तिन्ही बाण मधोमध. सगळे मला सांगायला लागले, घे यांना, अरे, अंतिम फेरी गाठशील! बाई म्हणाल्या, "नाहीतर मग जोडीदाराचा डाव नुसता राखून ठेवावा लागेल. दर वेळी पुकारणार, वाट बघणार, शून्य लावणार. जिंकणं कठीण आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! म्हणालो, "राखून ठेवा."

बदली दादा? फ्रीजचा थर्मोस्टॅट आहे का तो, हा काढला तो बसवला?

बरं, एकदा हरला की घरी, अशी ती स्पर्धा. समोर कोण, तर बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेल्या एक आजी आणि दातांना तारा लावलेली त्यांची नात. क्रम असा: मी, मग आजी, मग दादा, मग नात. मी मारले, जोरात मारले. आजींनी मारले, क्रेनने ओझं उचलावं तसा बाण उचलायच्या. मग पंच उभा राहिला, आवाज असा की रिकाम्या टाकीत बोलतोय, आणि त्याने दादाचं पूर्ण नाव पुकारलं. रेषेवर कोणी नाही. पंच वाट बघतोय. मग, "शून्य."

दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा लोक माना उंच करून दाराकडे बघायला लागले. एक स्वयंसेवक तर संडासात जाऊन हाका मारून आला! धावत येऊन म्हणतो, "तिथे नाहीत." अरे बाबा, मला माहीत आहे रे, तिथे नाहीत! आणि तुम्हाला सांगतो, तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा... मीसुद्धा दाराकडे पाहिलं. हसू नका. तुम्हीही पाहिलं असतं.

आता गंमत बघा. आजींचा हात थरथरत होता, नातीचा घाबरत होता, आणि माझा त्या दिवशी असा चालला होता की दोघांचा आकडा मी एकटाच उतरवत आणला. पंच म्हणाला, "बत्तीस बाकी." मी रेषेवर. बत्तीस! सोळाचा डबल! आजींचा आकडा अजून पार वर लोंबकळत होता, पुढच्या फेरीतही त्यांचं संपणार नव्हतं. फक्त एक बाण, खटाक्, आणि जिंकलो. खांबाजवळचे मोकळे आजोबा उठून उभे राहिले. मीही हात उचलला, सवयीने, उडी मारायच्या बेतात... आणि मनात आलं, मी संपवलं तर या बत्तीसवर दादाचं नाव कोण पुकारणार? वर्षाची फट ती, परत उघडायची नाही.

मारला. बाहेर. दुसरा मारला. बाहेर. तिसरा, बाहेर. तिथे पत्रा नाही, बोर्डाभोवती मऊ काळं रिंगण असतं, त्यामुळे ठण्ण झालं नाही, नुसतं गप्, गप्, गप्. पंच वाकून बघायला लागला. तिन्ही बाण एकमेकांना चिकटून, एका भोकात म्हणा ना, पट्टीच्या केसभर बाहेर. नेम चुकलेल्या माणसाचे बाण असे बसतात का? पंचाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आजींनी आपले तीन बाण अगदी सावकाश मारले.

मग पंचाने दादाचं नाव घेतलं. आणि या वेळी, खरं सांगतो, बाकीच्या वेळांपेक्षा जास्त थांबला तो. दादाचे बाण माझ्या खिशात, वहिनीने शिवलेल्या. मी रेषेपासून बाजूला झालो, जागा करून दिली. सोळाचा डबल समोर मोकळा.

"शून्य," पंच म्हणाला, आणि या वेळी हळू म्हणाला.

पुढे काय, हरलो. दोन फेऱ्यांनी नातीने संपवलं, त्यात माझा नेम काही लागेना. आजींनी माझा हात असा दाबला की अजून बोटं दुखतायत.

बाहेर येऊन वहिनीला फोन लावला. म्हणालो, "हरलो."

"शेवटचा बाण कोणाच्या हातून राहिला?"

"दादाच्या. बत्तीस बाकी होते, त्याच्यासाठी सोडले होते."

पलीकडे नळ चालू असल्याचा आवाज तेवढा. मग तिने विचारलं, "किती बाहेर गेला?"

आता काय सांगायचं? सांगितलं. "केसभर, वहिनी. केसभरच."

नळ बंद झाला. म्हणाली, "वाटलंच मला!"