अर्धा कोयता

मी धर्मापुरीकडची. मायबाप ऊस तोडायला जायचे, माझा जलमबी उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीतच झाला, अन् लग्न झालं तेबी कोयता व्हावा म्हनून. हसू नका ताई, खरंच सांगते. आमच्यात कोयता म्हंजी नुसतं हत्यार न्हाई, नवरा-बायकोचा जोडा म्हंजी एक कोयता. गडी तोडतो, बाई मोळी बांधून डोक्यावर गाडीत नेती, अन् मानसं नेनारा मुकादम दोघाला मिळून एक मोजतो.

आमचे मालक फडातच गेले, भरलेली गाडी कलंडली अंगावर. भरपाई मागाया गेले तर कारखाना म्हनला मुकादमाला इचारा, मुकादम म्हनला कारखान्याला इचारा. तवापासून मी अर्धा कोयता. तोडायचं मीच, बांधायचं मीच, वाहायचं मीच, तरी अर्धाच, काय सांगू तुमाला! नड असली तर न्यायचा, न्हाईतर दारातून हाकलायचा.

मग आमच्या ऊसतोड्यांच्या संघटनेनं संप केला. आमची बायांची एकच मागनी होती, बाईचं नाव कामावर येगळं लावा. त्यासाठी मी गावभर फिरून बाया गोळा केलत्या. माजलगावला सभा भरली, पुढारी म्हनला दर वाढवून देत्यात, बायांच्या नावाचं पुढं बघू, संप मिटवू, ज्याला मिटवायला नको त्यानं हात वर करा. मी केला. हात मोजनारा आला अन् म्हनतो मावशी, हात खाली घ्या, कोयत्यामागं एकच हात धरायचाय. म्हनलं माझ्या घरात दुसरा हात कोनाचा हाय रं? तर म्हनला, अर्धा कोयता मोजत न्हाईत. अगं बया! मुकादमानं म्हनलं तर म्हनलं, पर आपल्या संघटनेनं? ज्या बाया मी गोळा केलत्या त्या खाली मान घालून बसलेल्या, त्यांचे नवरे शेजारी, हात मांडीवर. लई राग आला, रडूबी आलं. पर हात काय मी खाली घेतला न्हाई, दुखंस्तवर वरच धरला. संप मिटला.

आता मशीन घ्यायला पैसं देनारं सरकारचं नवं धोरन आलंय म्हनं, कारखान्यानं तोडायचं मशीन आनलंय, अमेरिकेचं हाय म्हनत्यात. औंदा मुकादम दारात आलाच न्हाई. मीच बांधावर गेलते बघायला. एकटंच तोडतंय, एकटंच गाडीत टाकतंय. मुकादम तिथंच हुबा होता, म्हनलं हे किती कोयते रं? म्हनला मावशी, लई कोयत्यांचं काम करतंय एकटं. म्हनलं एकटं हाय न्हवं, ना नवरा ना बायको, मग ह्याला अर्धा कावून म्हनत न्हाईस?

मी घरी आले, तवापासून बसूनच हाय.

च्या घ्या, गार झाला. लेकरंबाळं सुखी राहू द्या तुमची. लिवताना एवढं करा ताई, कोनाची बायको ते मागून लिवा, आधी माझं नाव लिवा. कौसाबाई. पुरं लिवा.