पाटलोणीचा भोपळा

गुणाबाई : मान वर, दामू. मान वर ठेव नि हात जोरात आपट.

दामू : आपटतोय की, आये. किती आपटू? पाणी नाकातोंडात जातंय.

गुणाबाई : मग श्वास सोडून दे सगळा.

दामू : सोडला की खालीच जातो मी.

गुणाबाई : ये मग बाहेर. बस खडकावर. आजच्यापुरतं झालं.

दामू : काय झालं? आज पाचवा दिवस. पाठीला एवढा थोरला भोपळा बांधलाय, तरी बुडतोय. या भोपळ्यावर पाटा ठेवला असता तर तोसुद्धा तरंगला असता. रविवारी मला बेळगावची गाडी धरायचीय, आये.

गोमा : कोन, गुणाबाय? नि पान्यात ह्यो कोन, दामूसायेब? मी पल्याड खेकडं धरत व्हतो. आवाज आयकला नि म्हटलं, कुनाची तरी म्हस पडली डोहात.

दामू : गोमाकाका, हस तू. पण वाडीत नि गावात कुणाला सांगू नको. भोपळा तुझ्याकडनं आणला तेव्हा आयेनं मांडवाला टांगायचा म्हणून सांगितलं असेल.

गोमा : बियानं ठेवाया पायजे, असं बोलली व्हती. पन सायबाला पोहायची हौस कशी काय आली?

दामू : हौस नाय, काका. फौजेत ऑफिसर म्हणून माझी निवड झाली तेव्हा एक फॉर्म भरून घेतला. त्यात विचारलं होतं, पोहता येतं का? माझं घर भातसा नदीच्या काठाला, नाही कसं लिहू? लिहिलं हो. आता तिथं गेल्या गेल्या पोहण्याची परीक्षा आहे. अंगावर सगळे कपडे, पायात बूट, दहा हात उंचावरून उडी. मग डोहाएवढं अंतर पोहायचं आणि पाव तास पाण्यात तरंगून दाखवायचं. नाही जमलं तर ऑफिसरकी गेली.

गोमा : नि तुझ्या बानं तर सगळीकडं सांगून ठेवलंय.

दामू : खर्डीच्या स्टेशनमास्तरपासून मुरबाडच्या मामापर्यंत. कालच्या बाजारात तर चांभारानंसुद्धा मला सलाम ठोकला.

गोमा : मंग मलाच का नाय बोललास?

दामू : तुझ्याकडंच निघालो होतो. आयेनं वाटेत गाठलं. म्हणाली, कशाला गावभर करतोस, मी शिकवते. मी बघतच राहिलो. हिला पोहता येतं हे मला एकवीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

गोमा : हिला? आरं, काळू नदी दुथडी भरलेली असताना ही आवणाच्या, म्हंजी भाताच्या रोपांच्या, मुठी डोक्यावर घेऊन पलीकडच्या शेतात जायची. हिचा भाऊ सांगायचा. लगीन होऊन हितं आली नि आठ दिवसांत ह्याच डोहात उडी टाकली. सासूनं काठी घेऊन भाईर काढली व्हती.

गुणाबाई : काठी नव्हती. लाटणं होतं.

गोमा : लाटणं तर लाटणं. जा सायबा, वारा सुटलाय. त्या करवंदीच्या जाळीमागं जाऊन अंग पुस.

दामू : पुसतो. कुडत्याच्या खिशात एक कागदपण आहे, तो आणतो. तुला दाखवायचाय.

गोमा : गेला. आता बोल, गुणाबाय. काय चालवलंयस तू?

गुणाबाई : काय चालवलंय?

गोमा : मान वर काढून नि श्वास सोडून कोन पोहतं गो? आमच्या वाडीतलं शेंबडं पोर हसंल. पाचवा दिवस बोलतो तो. पाच दिवस तू त्येला बुडायला शिकवलंस.

गुणाबाई : हळू बोल. बुडू देईन का मी त्याला? चार हातांवर बसलेली असते. भोपळा चारदा ठोकून बघितलाय, भोक नाय की तडा नाय.

गोमा : मंग कशापायी?

गुणाबाई : नापास व्हायला शिकवतेय. मला काय बरं वाटतं का, पोटच्या पोराशी असं वागायला? पण पास झाला की लढाईवर धाडतील. नापास झाला की घरी येईल. चार दिवस लोकं हसतील, त्याचा बा माझ्याशी नाय तर कुडाशी भांडेल, नि मग सगळी विसरतील. पुन्हा शहापूरच्या शाळेत मास्तर होईल. मास्तर तर मास्तर. डोळ्यांसमोर राहील.

गोमा : त्येचं त्वांड बघितलंस का, भाईर येताना?

गुणाबाई : तेच तर बघवत नाय.

दामू : हा बघ कागद, काका. माझ्याआधी गेलेल्या एका दोस्तानं लिहून पाठवलाय. तिथं काय काय करून घेतात ते सगळं. ऐक. “बोट बुडाली तर प्रथम तिच्यापासून लांब जावे, नाहीतर ती बुडताना माणसाला बरोबर ओढते.”

गुणाबाई : बोट? कसली बोट? तू तर बेळगाव म्हणालास.

दामू : बेळगावला शिकवतात, आये. लढाई समुद्रापलीकडं आहे. जपान पार ब्रह्मदेशात येऊन बसलाय. तिकडं नाहीतर दुसरीकडं, जायचं बोटीनंच.

गुणाबाई : नि ती बुडते?

दामू : सगळ्या नाही बुडत. पण शत्रूची पाणबुडी खालून येते आणि भोक पाडते. मग उडी मारायची. हातपाय फार मारायचे नाहीत, दम राखून तरंगत राहायचं. दुसरी बोट येऊन उचलेपर्यंत.

गुणाबाई : किती वेळ?

दामू : कधी तासभर. कधी दिवसभर.

गुणाबाई : नि ज्याला तरंगता येत नाय तो?

दामू : म्हणून तर आधी परीक्षा घेतात.

गुणाबाई : मला वाटलं, शाळेतल्यासारखी परीक्षा. पास झालं की पुढं धाडायचं. पण नापास झालास की घरी येशील ना तू?

दामू : घरी कशाला? शिपाई म्हणून जाईन. जायचं हे मी ठरवलंय, आये, त्यात आता बदल नाही. ऑफिसर काय नि शिपाई काय, बोट तीच.

(गुणाबाई कासोटा घट्ट खोचते आणि सरळ डोहात उतरते.)

दामू : आये, अगं, कुणी बघेल.

गुणाबाई : बघू दे. लाटणं घेऊन यायला सासूबाई राहिल्या नाय आता. सरावाला आणलेली ती पाटलोण घाल, ते बूट घाल, नि ये इकडं. भोपळा तिथंच ठेव.

दामू : भोपळ्यासकट बुडतो मी. भोपळ्याशिवाय काय होईल?

गुणाबाई : ये म्हटलं ना. माझा हात हाय पाठीखाली. आता आजवर जे सांगितलं ते सगळं विसर. छाती भरून श्वास घे नि धरून ठेव. मान मागं टाक. अजून. कान बुडू देत पाण्यात. घोंगडीवर पडतोस ना, तसा पड.

दामू : मघाशी तर मान वर म्हणत होतीस.

गुणाबाई : मघाचं मघाशी. पोट वर कर. दम थोडा थोडा सोडायचा नि लगेच भरायचा. पाण्याशी भांडायचं नाय, ते उचलतंय तुला.

दामू : हं. हं. आये, हात काढू नको हां.

गोमा : आरं सायबा, तिचे दोनी हात अंबाड्याला हायत. बघ मान वळवून. नको, वळवू नको.

दामू : म्हणजे मी आपणहून...?

गुणाबाई : आपणहून. बूट जड झाले तर पाय नुसते हळूहळू हलव. पुढं काय लिहिलंय कागदात?

दामू : पुढं पाटलोणीचा भोपळा करायचाय. पाण्यातच काढायची, दोन्ही पायांना खाली गाठ मारायची, कमरेकडनं धरून डोक्यावरनं फिरवून पाण्यावर आपटायची. आत हवा कोंडते. ती काखेत धरून तरंगायचं.

गोमा : सायबाच्या फौजेत पाटलोन काढून पोहतात? लंगोट तरी हाय का आत?

दामू : आहे, काका. बूट धर खडकावर. गाठ मारली... ही फिरवली... बघ, फुगली. दोन तंगड्या, दोन भोपळे.

गोमा : नि ही चपटी झाली. रातच्या भाकरीवानी.

दामू : हवा निसटतेय. दोस्तानं लिहिलंय तसंच केलं की मी.

गुणाबाई : वरचं कापड उन्हानं सुकतं. सुकलं की त्यातनं वारा जातो. वर पाणी मारत राहा, ओलं कापड वारा सोडत नाय. आमी पोरी काळूत लुगड्याच्या घोळाचा असाच फुगा करायचो. पुन्हा फिरव. आता मार पाणी.

दामू : राहिली. आये, राहिली फुगलेली. हे कागदात नाही लिहिलेलं.

गुणाबाई : मग लिही तू. नि तुझ्या सायबाला पण सांग.

गोमा : मंग माजा भोपळा मी न्हेतो. माज्या बियान्याला पायजे. खेकडं तुमच्या टोपल्यात टाकून जातो, बाय. सायबाला रस्सा करून घाल.

दामू : गेला काका. आये, एक विचारू? इतकं सोपं होतं, तर पाच दिवस असं का नाही शिकवलंस?

गुणाबाई : पाच दिवस उलटं शिकवलं तुला. मुद्दाम.

दामू : मुद्दाम? पाच दिवस मी स्वतःला शिव्या घालत होतो, आये. नालायक म्हणत होतो.

गुणाबाई : ऐकत होते मी. सगळ्या मलाच लागत होत्या.

दामू : पण का?

गुणाबाई : तू घरी परत यावास म्हणून.

दामू : आणि आज?

गुणाबाई : आज पण त्यासाठीच. पाणी मार पाटलोणीवर, सुकायला लागली.